किरणांचा शेक आणि शरीरातले राखणदार



१ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि गोदाकाठच्या या गावाचे नाव साऱ्या राज्याने ऐकले. भाव, कर्ज, दूध, पाणी यांवर बोलायला इथला माणूस कधी भ्यालेला नाही. पण घरात कर्करोगाचे दुखणे निघाले की तोच माणूस आवाज खाली करतो. रोग्याला मुंबईला नाहीतर पुण्याला नेतात, ‘शेक’ सुरू होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत गावात कुजबुज होते, ‘शेकाने अंगातली सगळी ताकद गेली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या, आता घरी आणलेले बरे.’ शेतीखात्याच्या नोकरीत शिवारे हिंडताना ही वाक्ये मी अनेक घरांच्या ओसरीवर ऐकली आहेत. त्यात थोडे खरे आहे आणि बरेच अर्धवट आहे. त्या अर्धवट समजुतीपायी उपचार मध्येच सोडला जातो, तेव्हा नुकसान फार मोठे होते. मी डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. पण किरणे, पेशी, कीड आणि राखण या गोष्टी आपल्या शेतीतही आहेत. त्यांच्या आधाराने हा विषय समजून घेऊ.

कांद्यावरून ओळख

शेक या शब्दाने पहिला घोटाळा होतो. या उपचारात उष्णता नसते. रोगी यंत्राखाली काही मिनिटे निजतो, त्याला काही टोचत नाही की भाजत नाही. डोळ्यांना न दिसणारी किरणे गाठीतून आरपार जातात आणि पेशीच्या आत जो बियाण्याचा नकाशा असतो, ज्याला डीएनए म्हणतात, त्याचे धागे तोडतात. धागे तुटलेली पेशी दुभंगून दोन पेशी होण्याच्या वेळी मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या वाढत असतात आणि त्यांना तुटके धागे नीट सांधता येत नाहीत, म्हणून त्या जास्त मरतात.

हेच तत्त्व आपल्या कांद्याला लावलेले आहे. लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र सुरू झाले. तिथे कोबाल्ट-६० या धातूच्या किरणांपुढून कांदा नेतात. कांद्याच्या पोटात जो कोंब दडलेला असतो, त्याच्या वाढणाऱ्या पेशी किरणांनी निकामी होतात. बाकी कांदा तसाच राहतो, फक्त त्याला कोंब फुटत नाही. भाभा केंद्रानेच भाभाट्रॉन नावाचे कर्करोगाचे देशी यंत्र तयार केले. त्यातही कोबाल्ट-६० च आहे. कांद्याचा कोंब थांबवणारा धातू आणि माणसाची गाठ जाळणारा धातू एकच. आज अनेक रुग्णालयांत कोबाल्टऐवजी विजेवर चालणारी लिनॅक यंत्रे आहेत, पण किरणांचे काम तेच.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या मापात मोजतात. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे एकाच वेळी देतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात गाठीला एकूण ६० ते ७० ग्रे द्यावे लागतात, पण ते रोज २ ग्रे याप्रमाणे सहा-सात आठवड्यांत आणि फक्त रोगाच्या जागेवर. सर्व अंगाला एकाच वेळी ४-५ ग्रे बसले तरी माणूस उपचाराशिवाय दगावू शकतो. खताची पूर्ण मात्रा एकदम दिली तर पीक करपते आणि हप्त्यांनी दिली तर पीक ती सोसते, तसे हे आहे. दोन पाळ्यांमधल्या वेळात चांगल्या पेशी आपली मोडतोड दुरुस्त करतात. रोगी पेशींना ते तितके जमत नाही.

राखणदार सगळ्यांत नाजूक

आता राखणदारांकडे येऊ. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नसतात. काही जंतू दिसला की गिळतात. काही मेलेल्या पेशींचा कचरा साफ करतात. काही खबऱ्याचे काम करतात, म्हणजे शत्रूचा तुकडा उचलून तो गळ्यातल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसिकागाठींपर्यंत नेऊन दाखवतात. तिथे लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांतल्या टी-पेशी शत्रू ओळखून त्याच्यावर तुटून पडतात आणि बी-पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. कर्करोगाची पेशी ओळखून मारण्याचे मुख्य काम टी-पेशींचे.

मघाशी सांगितलेल्या नियमाला इथे एक अपवाद आहे. बहुतेक पेशी दुभंगताना मरतात. लिम्फोसाइट मात्र स्वस्थ बसलेली असली तरी थोड्या किरणांनी मरते. तिच्यात स्वतःचा शेवट करून घेण्याची यंत्रणा असते, ती चटकन सुरू होते. दीड-दोन ग्रे इतकी मात्रा निम्म्या लिम्फोसाइटना पुरते, म्हणजे गाठीला रोज दिली जाते तेवढीच. त्यांतही फरक आहे. बी-पेशी फार नाजूक. शत्रू अजून न पाहिलेल्या नव्या टी-पेशीही नाजूक. जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी काहीशा चिवट. कचरा साफ करणाऱ्या मोठ्या पेशी त्याहून चिवट.

आपण कापसावर जहाल औषध फवारतो तेव्हा मावा मरतो, त्याबरोबर मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाही मरतात. मित्रकिडी नाजूक असतात आणि सावकाश परत येतात. किरणोपचारात लिम्फोसाइटचे तसेच होते.

पाटाच्या पाण्यासारखे रक्त

किरणे फक्त गाठीवर पडत असतील, तर साऱ्या अंगातले राखणदार कमी का होतात, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे उत्तर पाटात आहे. पाटाच्या एकाच जागी तुम्ही उन्हात उभे राहिलात तर तुमच्या समोरचे पाणी बदलत राहते. रक्तही असेच वाहते. साऱ्या अंगाचा फेरा ते सुमारे एका मिनिटात पुरा करते. यंत्र चालू असेपर्यंत जे रक्त किरणांखालून जाते, त्यातल्या लिम्फोसाइटना थोडा-थोडा मार बसतो. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूच्या गाठीच्या उपचाराचा हिशेब मांडला. एका पाळीत जेमतेम ५ टक्के रक्ताला अर्धा ग्रे किंवा जास्त मात्रा बसते, पण ३० पाळ्या झाल्यावर ९९ टक्के रक्ताला ती बसलेली असते.

दुसरे कारण रोगाच्या जागेत आहे. कमरेच्या व पाठीच्या हाडांतल्या मगजात रक्त तयार होते. गर्भाशयाच्या कर्करोगात हा भाग किरणांच्या वाटेत येतो, म्हणून तिथे पांढऱ्या पेशी अधिक उतरतात. गळ्यातल्या लसिकागाठींवर किरणे पडली की टी-पेशींच्या तालमीवरच घाव बसतो. जोडीला केमोचे औषध किंवा स्टिरॉइड असेल तर आणखी घट होते. म्हणजे किरणांचे क्षेत्र किती मोठे, पाळ्या किती आणि जागा कोणती, यावर राखणदारांची हानी ठरते. स्तनाच्या एका बाजूचा शेक आणि पोटाच्या मोठ्या भागाचा शेक, दोघांना एकाच मापाने मोजू नये.

उपचार संपल्यावर पेशी परत वाढतात, पण सावकाश. जंतू गिळणाऱ्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. लिम्फोसाइटना काही महिने लागतात, काहींना वर्षाहूनही अधिक. कित्येक प्रकारच्या कर्करोगांत ज्यांच्या लिम्फोसाइट फार खाली जातात, त्यांची पुढची वाटचाल अधिक कठीण दिसते. म्हणून डॉक्टर मंडळी आता या आकड्याकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देतात.

दुसरी बाजू : मेलेली गाठ खबर देते

इथवर वाचून ‘मग शेक नकोच’ असे कोणी ठरवील, तर थांबावे. नाण्याला दुसरी बाजू आहे.

कर्करोगाची पेशी लबाड असते. आपल्याच शरीरातून उगवल्यामुळे ती घरच्या माणसासारखी दिसते आणि राखणदार तिला अडवत नाहीत. किरणांनी ती जखमी होऊन मरते तेव्हा तिचे सोंग उघडे पडते. तिच्या आतला माल बाहेर सांडतो, धोक्याचे इशारे सुटतात, खबऱ्या पेशी तिचे तुकडे उचलून लसिकागाठीत नेतात आणि तिथे टी-पेशींना शत्रूची ओळख पटते. काही वेळा अशा तयार झालेल्या टी-पेशी दूरच्या, शेक न दिलेल्या गाठीवरही जातात. एका जागी किरणे दिली आणि दुसऱ्या जागची गाठ ओसरली, या प्रकाराला १९५३ साली आर. एच. मोल यांनी इंग्रजीत नाव दिले. हे क्वचितच घडते, त्यावर भरवसा ठेवून उपचार आखता येत नाही. पण राखणदार आणि किरणे एकमेकांना मदत करू शकतात, हे त्यातून कळते.

१९७९ साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. टी-पेशी काढून घेतलेल्या उंदरांची गाठ बरी करायला धडधाकट उंदरांच्या सुमारे दुप्पट किरणे लागली. म्हणजे गाठ मारण्याच्या कामात किरणांच्या बरोबरीने राखणदारांचाही हात असतो. शेतीत आपण एकात्मिक कीड नियंत्रण म्हणतो, ते हेच. औषध मोजके, योग्य जागी, आणि मित्रकिडी जपून.

याच विचारातून राखणदारांचा लगाम सैल करणारी औषधे किरणांना जोडून पाहिली गेली. शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगात शेक आणि केमो संपल्यावर असे औषध वर्षभर दिले. २०१७ साली त्या चाचणीचे पहिले निष्कर्ष आले. पाच वर्षांनी औषध घेतलेल्या १०० पैकी सुमारे ४३ रुग्ण हयात होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे ३३. पण डोके-मानेच्या कर्करोगात किरणांच्या ऐन काळात अशी औषधे दिलेल्या काही मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. त्याचे एक कारण असे मांडले जाते की गळ्याच्या लसिकागाठीच किरणांखाली आल्यावर ज्यांना जागे करायचे ते राखणदारच तिथे उरत नाहीत. पेरणीची वेळ साधली तर बी उगवते, हा नियम इथेही दिसतो.

मुंबईत झालेले काम

या बाबतीत आपल्या राज्याचे काम मोठे आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. खेड्यापाड्यातले लाखो रोगी तिथे गेले. तिथल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बराच पसरलेल्या ८५० भगिनींवर तिथे मोठी चाचणी झाली व २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. नुसता शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी १०० मध्ये ४६ आणि शेकाबरोबर आठवड्याला केमो घेतलेल्यांपैकी ५४ हयात होत्या. ‘शेक म्हणजे शेवटचा उपाय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. रोग एवढा पुढे गेलेला असूनही निम्म्याच्या आसपास बाया पाच वर्षांनी आपल्या घरात होत्या.

दुसरी. याच कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या ३०० भगिनींवर नेम धरून किरणे देणाऱ्या नव्या पद्धतीची तुलना झाली. तीन वर्षांनी आतड्याचा त्रास जुन्या पद्धतीत १०० पैकी सुमारे ४२ जणींना आणि नव्या पद्धतीत सुमारे २१ जणींना झाला. २०२१ चे हे निष्कर्ष. नोझल बदलून फवारा नेमका सोडावा, तसे हे आहे. याच तत्त्वाने हाडातला मगज वाचवण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

तिसरी. राखणदारांना जागवणारी औषधे फार महाग. टाटाच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या बऱ्या न होणाऱ्या कर्करोगात निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. २०२२ साली कळले की वर्षभराने हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा प्रयोग शेकाचा नव्हता, पण राखणदारांचे बळ गरिबालाही मिळू शकते हे त्याने दाखवले.

रक्ताचा कागद कसा वाचावा

उगवणीची टक्केवारी काढणाऱ्याला हा हिशेब अवघड नाही. रक्ताच्या तपासणीत एकूण पांढऱ्या पेशी लिहिलेल्या असतात, निरोगी माणसात साधारण ४,००० ते ११,०००. खाली लिम्फोसाइटची टक्केवारी असते, साधारण २० ते ४०. दोन्हींचा गुणाकार करून १०० ने भागावे. पेशी ५,००० आणि लिम्फोसाइट १० टक्के असतील तर आकडा ५०० आला. १,००० च्या खाली तो कमी समजतात आणि ५०० च्या खाली फार कमी. मात्र नुसत्या या आकड्यावरून उपचार थांबवण्याचा निर्णय घरी घेऊ नये. जंतू गिळणाऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन हे सगळे पाहून डॉक्टर ठरवतात. लिम्फोसाइट कमी होणे अपेक्षितच असते. शेक वाया चालला असा त्याचा अर्थ नाही.

घरी आणि गोठ्यात घ्यायची काळजी

राखणदार कमी असताना शेतकऱ्याच्या घरात शहराहून वेगळे धोके असतात. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त आला, थंडी वाजली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. घरात थर्मामीटर असावा.

धारोष्ण किंवा निरसे दूध रोग्याला देऊ नये, चांगले उकळून द्यावे. कच्च्या दुधातून ब्रुसेला व क्षयाचे जंतू येऊ शकतात. गाईची वार काढणे, गाभडलेल्या जनावराला हात लावणे ही कामे दुसऱ्याने करावीत. कालवडींना ब्रुसेलाची लस देतात ती जिवंत जंतूंची असते. लसीकरणाच्या वेळी रोग्याने जनावर धरायला जाऊ नये.

बुरशी आलेला मुरघास, भिजून काळे पडलेले बाटूक, शेणखताचा खड्डा, कोंबड्यांची विष्ठा यांपासून लांब राहावे. त्यातली बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते. फवारणीचे काम तर नकोच.

कमरेवर किंवा छातीवर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आले तर ती नागीण. राखणदार कमी झाले की ती डोके वर काढते. मंत्र, गेरू यांत वेळ न दवडता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडून गोळ्या सुरू कराव्यात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर क्षयाची तपासणी करावी.

अंडी, डाळी, शेंगदाणे, दूध, ताक यांनी अंगात प्रथिने जातात. तोंड आले असेल तर मऊ, बिनतिखट खिमट, पेज द्यावी. फळे धुऊन, सोलून द्यावीत. ‘पेशी वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. तंबाखू, मिसरी, बिडी पूर्ण बंद.

शेक दिलेल्या कातडीवर हळद, तेल, बाम लावू नये, गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. यंत्रासाठी काढलेल्या खुणा पुसू नयेत. सैल सुती कपडे घालावेत.

बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणे उरत नाहीत. त्याचे ताट वेगळे काढू नये, नातवंडाला मांडीवर बसायला अडवू नये. घरातल्या सर्दी-तापाच्या माणसाने मात्र लांब राहावे. इतर लसी घ्याव्यात की नाही हे डॉक्टरांना विचारावे, कारण जिवंत जंतूंची लस या काळात चालत नाही.

पाळी चुकवू नये

सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटी सांगतो. ऊस तोडणी, कांदा काढणी, घरचे लग्न अशा कारणांनी मध्ये आठ-दहा दिवस शेक चुकवला जातो. तेवढ्यात उरलेल्या रोगी पेशी नेट धरून वाढतात. गर्भाशयाच्या मुखाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगात ठरलेल्या मुदतीपुढे गेलेला प्रत्येक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने कमी करतो. आठ दिवस बुडाले तर काय होईल, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारात राखणदार गेलेले असतात आणि गाठ मात्र जिवंत राहते. फवारणी अर्ध्या वावरातच करून सोडावी, असा तो प्रकार होतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार दाखवून विचारावे. उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. पुणतांबा जंक्शनवरून जाणाऱ्यांनी तो आधीच घेऊन ठेवावा. मुक्कामाची सोय रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावी.

आणि शेक लागूच नये, लागला तर लहान जागेवर लागावा, यासाठी रोग लवकर सापडला पाहिजे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ ग्रामीण भगिनींवर झालेल्या पाहणीत, गर्भाशयाच्या मुखाची विषाणू-तपासणी आयुष्यात एकदाच करून या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली सिद्ध झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करावी. अंगावर पांढरे-लाल जात असेल, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, छातीत गाठ लागत असेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंतही थांबू नये. ज्यांच्या घरी शेक चालू आहे त्यांनी गोठ्याची आणि वावराची कामे वाटून घ्यावीत आणि रोग्याची एकही पाळी चुकू देऊ नये. वावरातले काम शेजारी-पाजारी सांभाळतील. शेकाची बुडालेली पाळी मात्र दुसऱ्या कोणाला भरून देता येत नाही.